पेठेतले घर आणि वेशीबाहेरचा माणूस

जुन्या गावाच्या सौंदर्याविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. नदीचा घाट, देवळाचे शिखर, कौलारू घरे, ओसरीवरचा झोपाळा, परसातली जास्वंद, हे सारे वाचीतच आमची पिढी शिकली. पाठ्यपुस्तकातले घर असेच असे. आमच्यापैकी बहुतेकांचे घर तसे नव्हते. ते तसे का नव्हते, हा प्रश्न मात्र त्या पुस्तकात कोठेही विचारलेला नव्हता.

आज परिस्थिती थोडी पालटली आहे. शिक्षक, कारकून, परिचारिका, बँकेतला नोकर, एस. टी.चा वाहक असा एक वर्ग आपल्यात उभा राहिला आहे. त्याच्या हाती पगाराचा दाखला असतो आणि बँक त्याला कर्ज देते. बदली होऊन तो एखाद्या जुन्या तालुक्याच्या गावी जातो, दहा-बारा वर्षे भाड्याच्या खोलीत काढतो, मुले तेथल्या शाळेत घालतो. मग एके दिवशी त्याला वाटते, की आता येथे आपले घर असावे. त्या दिवसापासून ते गाव त्याला निराळे दिसू लागते. या लेखात त्याच गोष्टीचा विचार करावयाचा आहे. जुन्या गावात घर विकत घेणे म्हणजे नेमके काय, त्यासाठी कोणते कागद पाहावे लागतात, आणि आपल्या माणसाने ते घ्यावयाचे ठरविले तर त्याच्या वाटेत काय उभे राहते, हे समजून घेतले पाहिजे.

१

उदाहरणादाखल वाई घेऊ. साताऱ्याहून सुमारे ३५ किलोमीटरवर, कृष्णेच्या काठी हे गाव आहे. पाचगणी-महाबळेश्वरला जाणारी वाट येथूनच पसरणीच्या घाटाने वर चढते. लोक याला दक्षिण काशी म्हणतात. पेशवाईत रास्ते घराण्याने येथे देवळे आणि घाट बांधले. त्यांतला ढोल्या गणपती १७६२ सालचा. त्या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, ती कृष्णेच्या पुराचे पाणी दुभंगून जावे म्हणून. जवळच मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आणि त्याचा घाट आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचे हे गाव, मराठी विश्वकोश येथे घडला. अलीकडे सिनेमावाल्यांनाही ही जागा आवडते. २००४ सालच्या 'स्वदेस' चित्रपटात मेणवलीचा घाट दिसतो. असे गाव शहरातल्या माणसाला मोहवते, आणि तेथल्या जुन्या घरांना गिऱ्हाईक मिळू लागते.

आता याच गावाची नावे वाचा. गणपती आळी, मधली आळी, रामडोह आळी, धर्मपुरी, गंगापुरी, ब्राह्मणशाही. घाटांचीही नावे हीच. कृष्णाबाईचा उत्सव घाटाघाटाने पाळीपाळीने होतो. गावाची रचना जातीच्या आणि कुळाच्या वस्तीतून झाली आहे, हे सांगायला संशोधक लागत नाही. पत्ता वाचता आला की पुरे. वाईचे नाव तिला दोष देण्यासाठी घेतलेले नाही. पैठण, पंढरपूर, कऱ्हाड, महाड, चिपळूण, कोठेही जा. नदीकाठी उंचावर देऊळ आणि त्याच्या भोवती पूजा, विद्या व सावकारी करणाऱ्यांची घरे. पुढे बाजारपेठ, तिच्या मागे कारागिरांच्या आळ्या. आणि वेशीच्या पलीकडे, बहुतेक गावांत पूर्वेच्या अंगाला, महारवाडा आणि मांगवाडा. सकाळच्या उन्हात ज्या गावाचे चित्र काढावेसे वाटते, त्याचा नकाशा असा आहे.

महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा ही नावे जाऊन समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे यावीत असे ठरले. निर्णय स्वागतार्हच होता. पाटी बदलली, परंतु कोणत्या वस्तीतल्या घराला किती किंमत येते आणि कोणत्या वस्तीतले घर कोणाला विकले जाते, हे पाटीने ठरत नाही.

गावाप्रमाणे घराचीही रचना वाचता आली पाहिजे. वाड्याला दिंडी दरवाजा असतो, आत देवडी, मग चौक, ओसरी, सोपा, माजघर, देवघर, स्वयंपाकघर. बाहेरचा माणूस कोण आहे यावर त्याने कोठपर्यंत यायचे हे ठरलेले असे. कोणी ओसरीपर्यंत, कोणी चौकापर्यंत, कोणी दिंडीच्या बाहेर. माझे आजोबा तराळकीचे काम करीत. निरोप घेऊन ते पुष्कळ वाड्यांच्या दारी गेले, परंतु ओसरी कशी असते हे त्यांना सांगता येत नसे. अनेक जुन्या घरांच्या मागच्या अंगाला एक अरुंद बोळ असतो. टोपलीच्या संडासाचा मैला काढणाऱ्या माणसाने पुढच्या दाराने येऊ नये म्हणून तो ठेवलेला असे. आज त्या बोळात कुंड्या ठेवतात आणि घर दाखवताना 'हवा खेळती राहावी म्हणून' असे सांगतात. वास्तुकलेचे कौतुक करणाऱ्या पुस्तकांतही या बोळाला क्वचितच जागा मिळते.

२

कोणी विचारील, की मग अशा जागी घर घ्यावेच कशाला? बाबासाहेबांनी खेडे सोडा असे सांगितले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनासमितीत त्यांनी खेड्याच्या गोडव्यांचा समाचार घेतला. हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. परंतु तालुक्याच्या गावाकडे जरा व्यवहाराने पाहिले पाहिजे. शाळा, वाचनालय, दवाखाना, बाजार, न्यायालय, बसस्थानक हे सारे पेठेत किंवा पेठेच्या लगत असते. नळाला पाणी तेथे आधी येते. घराची किंमत तेथे वाढते, आणि त्या वाढीतून पुढच्या पिढीचे शिक्षण होते. सवर्ण मध्यमवर्गाची आजची सुस्थिती केवळ पगारावर उभी नाही. आजोबाने घेतलेल्या किंवा इनामात मिळालेल्या घरावर ती उभी आहे. ज्याला स्थावर मिळकत नाही त्याची प्रत्येक पिढी पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करते.

मालकीचा प्रश्न हा मानाचाही प्रश्न आहे. महाडचे चवदार तळे आपण पाण्याचा लढा म्हणून जाणतो. तो खटला मालकीचाही होता, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे अस्पृश्यांना खुले असल्याचा ठराव केला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आणि परिषदेला आलेल्या लोकांनी तेथे पाणी प्यायले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात काही सनातनी गृहस्थ दिवाणी न्यायालयात गेले. तळे खासगी आहे, आणि अस्पृश्यांनी त्याला शिवू नये अशी जुनी वहिवाट आहे, असे त्यांचे म्हणणे होते. तळ्याभोवती रस्ते आणि रस्त्यांपलीकडे सवर्णांची घरे होती. घरे आमची म्हणून तळे आमचे, असा त्या म्हणण्याचा रोख होता. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. तळे नगरपालिकेचे ठरले, आणि अनादि वहिवाट सिद्ध झाली नाही. दहा वर्षांच्या या लढ्यात जो गावाच्या तोंडी होता तो हक्क कागदाच्या कसोटीला उतरला नाही. पेठेत घर घेऊ पाहणाऱ्या माणसाने महाडचा हा धडा नीट ध्यानात ठेवावा. जुने गाव नकार देते ते तोंडाने. कागदावर तो नकार लिहिण्याचे धैर्य त्याच्यात नसते, कारण लिहिला की तो गुन्हा ठरतो.

३

जुन्या गावातली घरे वर्तमानपत्रातल्या जाहिरातीने फारशी विकली जात नाहीत. मालक आधी भाऊबंदांना विचारतो, मग शेजाऱ्याला, मग जातीतल्या ओळखीच्यांना. दलालाकडे घर येते ते सर्वांत शेवटी, आणि येताना अट घेऊन येते. अट स्पष्ट शब्दांत नसते. 'माणूस चांगला बघा', 'आळीला शोभेल असा', 'शाकाहारी असल्यास उत्तम'. मग आपल्याला आडनाव विचारले जाते. आडनाव जाधव, पवार किंवा गायकवाड असले की त्यावरून काही कळत नाही. तेव्हा पुढचे प्रश्न येतात. मूळ गाव कोणते? पाहुणे कुठले? कुलदैवत कोणते? या तीन प्रश्नांनंतर जात लपत नाही.

मी ज्या गावी शिकवितो तेथे चार वर्षांपूर्वी एका जुन्या घराचा व्यवहार जवळजवळ ठरला होता. किंमत मान्य झाली, बँकेच्या माणसाने घर पाहिले. आठ दिवसांनी दलालाने सांगितले, की मालकांचा विचार बदलला, त्यांना घर विकायचे नाही. तीन महिन्यांनी ते घर विकले गेले, आणि माझ्या आकड्यापेक्षा कमी किमतीला. मला कोणी वाईट शब्द बोलले नाही. चहाही दिला. आजच्या अस्पृश्यतेचे स्वरूप पुष्कळदा असेच सभ्य असते, आणि म्हणूनच तिच्याशी भांडणे कठीण जाते. ही एकट्याची तक्रार नाही. २०१५ साली सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व आसपासच्या शहरांतील भाड्याच्या घरांची पाहणी प्रसिद्ध केली. सवर्ण, दलित आणि मुस्लिम अशी वेगवेगळी ओळख सांगून त्याच घरमालकांकडे चौकशी केली असता दलितांना नकार किंवा जादा अटी आल्या, आणि मुसलमानांना त्याहून अधिक. राजधानीत हे घडत असेल, तर आळीत काय होईल?

अशा वेळी एक मोह होतो, आणि त्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. नाव थोडे वळवून सांगावे, जात विचारली तर दुसरीच सांगावी, एकदा घर हाती आले की मग पाहू. बाबासाहेबांना १९१७ साली बडोद्यात राहायला जागा मिळेना, तेव्हा पारशी नाव घेऊन ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक दारात उभे राहिले आणि त्यांना बाहेर पडावे लागले. परदेशातून शिकून आलेला, संस्थानचा अधिकारी असलेला माणूस त्या दिवशी सार्वजनिक बागेत जाऊन बसला. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. दुसऱ्याच्या नावावर मिळालेला निवारा दुसऱ्याच्या मर्जीवरच टिकतो. पुढे १९३० नंतरच्या काळात त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधले, स्वतःच्या नावाने, आणि त्यात आपला ग्रंथसंग्रह ठेवला. बडोदा ते राजगृह हा प्रवास घराच्या प्रश्नाच्या दृष्टीनेही अभ्यासला गेला पाहिजे.

४

कायदा काय म्हणतो? घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. त्या कलमाच्या अंमलासाठी १९५५ साली अस्पृश्यता गुन्ह्यांचा कायदा झाला. १९७६ साली त्यात दुरुस्ती होऊन त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा असे नाव मिळाले. त्याच्या चौथ्या कलमात अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्या बाबतीत आडकाठी करता येणार नाही याची यादी आहे. विहीर, रस्ता, धर्मशाळा यांबरोबर त्या यादीत कोणत्याही वस्तीत राहते घर बांधणे, मिळविणे किंवा तेथे राहणे ही बाब स्पष्ट लिहिलेली आहे. शिक्षा एक महिन्यापासून सहा महिन्यांपर्यंत कैद आणि दंड. याच कायद्याचे बारावे कलम त्याहून महत्त्वाचे आहे. अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत असा गुन्हा घडला तर तो अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडला असे न्यायालय गृहीत धरील. तसे नव्हते हे दाखविण्याची जबाबदारी दुसऱ्या बाजूवर येते. आपल्या कार्यकर्त्यांपैकी कितीजणांना ही दोन कलमे ठाऊक आहेत? घर घेतल्यानंतर त्रास देऊन ते सोडायला लावले, किंवा बहिष्कार टाकला, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होतो. २०१५ च्या दुरुस्तीने त्यात गुन्ह्यांची बरीच भर घातली.

तरीही कायद्याला मर्यादा आहेत. 'विचार बदलला' या दोन शब्दांवर खटला उभा राहत नाही. वाडा पाडून तेथे इमारत झाली आणि सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली, तर सबळ कारणावाचून सभासदत्व नाकारता येत नाही असे महाराष्ट्राचा सहकार कायदा सांगतो. परंतु अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली आपल्याच जमातीपुरते सभासदत्व ठेवण्याचा संस्थेचा उपविधी वैध ठरविला. एका लहान जमातीच्या रक्षणासाठी वापरलेला हा युक्तिवाद उद्या मोठ्या जातींच्या हाती गेला तर काय होईल, याचा विचार विधी शाखेच्या विद्यार्थ्यांनी केला पाहिजे.

तेव्हा उपाय एकच. जे तोंडी चालले आहे ते शक्य तितक्या लवकर कागदावर आणावे. किंमत ठरली की विसार रोख देऊन गप्प बसू नये. साठेखत करावे, ते नोंदवावे, पैसे बँकेमार्फत द्यावेत. साठेखताने मालकी मिळत नाही, मालकी नोंदविलेल्या खरेदीखतानेच मिळते. परंतु साठेखत झाल्यावर मालक आळीच्या दडपणाने मागे फिरला, तर करार पुरा करून द्या असा दावा लावता येतो. २०१८ साली विनिर्दिष्ट अनुतोष कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर असा करार पुरा करून देण्याचा आदेश ही न्यायालयाच्या मर्जीची बाब राहिलेली नाही. कायद्यात सांगितलेले अपवाद सोडले तर तो द्यावा लागतो. माझ्या हाती त्या आठ दिवसांत असा कागद असता तर बोलणे वेगळे झाले असते.

५

आता घराच्या कागदांकडे वळू. पहिली गोष्ट म्हणजे, जुने घर गावठाणात असते आणि गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. ज्या गावांत नगर भूमापन झाले आहे तेथे मिळकत पत्रिका असते. तिलाच लोक प्रॉपर्टी कार्ड म्हणतात. तिच्यावर सिटी सर्व्हे नंबर, क्षेत्र, धारकाचे नाव, सत्ताप्रकार आणि बोजे लिहिलेले असतात. लहान खेड्यांत अशी पत्रिका पुष्कळ वर्षे नव्हती. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी करून ती देण्याचे काम हाती घेतले गेले. ग्रामपंचायतीचा नमुना आठ किंवा नगरपरिषदेचा कर आकारणी उतारा हा कराचा कागद आहे. कर भरणारा तो मालक असे त्यावरून सिद्ध होत नाही. या एका गैरसमजापायी पुष्कळ लोक फसतात.

दुसरी गोष्ट वारसांची. वाडा क्वचितच एकाचा असतो. आजोबाच्या नावावर पत्रिका, चार मुलगे, त्यांतला एक पुण्यात, एक परदेशी, बहिणी लग्न होऊन गेलेल्या. विकायला पुढे येतो तो धाकटा, कारण तो गावात राहतो. २००५ च्या दुरुस्तीने वडिलार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतकाच हक्क मिळाला, आणि तो जन्माने मिळतो हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. तेव्हा खरेदीखतावर बहिणींच्या सह्या हव्यात. नसतील तर घर घेतल्यावर दहा वर्षांनीही दावा येतो. निदान तीस वर्षांचा शोध वकिलाकडून दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात घ्यावा आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी. कुलमुखत्यारपत्रावर झालेली विक्री ही विक्रीच नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सांगितलेले आहे.

तिसरी गोष्ट जमिनीच्या जातीची. जमिनीलाही जात असते, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार! देवळांच्या गावात पुष्कळ घरांखालची जमीन देवस्थान इनामाची, म्हणजे इनाम वर्ग तीनची असते. ती विकता येत नाही. पुजारी किंवा वहिवाटदार कितीही गोड बोलला तरी त्याला ती विकण्याचा अधिकार नाही. आपल्याकडच्या महार वतनाच्या जमिनी १९५८ च्या कायद्याने वतन रद्द होऊन पुन्हा दिल्या गेल्या, त्या नवीन शर्तीवर. त्यांच्या हस्तांतरासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. आज गाव वाढत वेशीबाहेर आले आहे, आणि एकेकाळी कोणी शिवत नव्हते त्या जमिनीला भाव आला आहे. शंभर रुपयांच्या स्टँपवर लिहून दिल्याने ती विकली जात नाही, पण ताबा मात्र जातो. हे आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांना समजावून सांगणे हे सुशिक्षितांचे काम आहे.

चौथी गोष्ट भाडेकरूंची. वाड्यात पन्नास-साठ वर्षे राहणारे भाडेकरू असतात. मालक बदलला म्हणून ते निघत नाहीत, आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ त्यांना संरक्षण देतो. ते संरक्षण योग्यच आहे. आपणही बहुधा भाडेकरूच होतो. तेव्हा घर रिकामे आहे काय हे स्वतः जाऊन पाहावे आणि भाडेकरू असल्यास त्यांना हाकलण्याचा बेत मनात धरून व्यवहार करू नये.

खरेदीखत झाले की काम संपले असे नाही. ते लिहून दिल्यापासून चार महिन्यांत नोंदविले पाहिजे. नोंदणी फी किमतीच्या एक टक्का, परंतु तीस हजार रुपयांहून अधिक नाही. मुद्रांक शुल्क निराळे. घर केवळ स्त्रीच्या नावाने घेतल्यास २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. सवलतीचे सोडा, ज्या बाईने मजुरी करून मुलगा शिकविला तिच्या नावावर घर असणे ही साधी न्यायाची गोष्ट आहे. त्यानंतर भूमापन कार्यालयात फेरफार करून पत्रिकेवर नाव लावावे, नगरपरिषदेत नाव लावावे, वीज आणि पाण्याच्या जोडण्या आपल्या नावावर करून घ्याव्यात. हे सारे होईपर्यंत घर पुरतेपणी आपले झाले असे समजू नये.

६

घराच्या शरीराविषयीही दोन शब्द. नदीकाठच्या गावात पूररेषा पाहावी. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला बंदी असते. निळ्या आणि लाल रेषांच्या मध्ये अटी असतात. घाटावरचे घर उन्हाळ्यात सुंदर दिसते, ते श्रावणात पाहावे. जवळ केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक असेल तर शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही, आणि त्यापुढच्या दोनशे मीटरांत परवानगी लागते. तुळयांना वाळवी लागली आहे काय, भिंती ओल धरतात काय, हे जाणत्या गवंड्याकडून आणि सुताराकडून पाहून घ्यावे. मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला, तर ओल आत कोंडते आणि भिंत पोखरते. असली ज्ञाने पुस्तकात कमी आणि कारागिरांच्या हातात जास्त आहेत. ज्या हातांनी दगड फोडला, चुना मळला, तुळया खांद्यावरून वाहिल्या, त्यांची नातवंडे अजून त्याच गावात आहेत. वाडा कोणी बांधविला हे शिलालेखात असते. कोणी बांधला हे त्यांच्या हातांना ठाऊक असते.

७

एक प्रश्न उरतो, आणि तो आपला आपल्यालाच आहे. शिकलेला माणूस पेठेत गेला, तर वस्तीचे काय? वस्तीतून बाहेर पडून शेजाऱ्यांच्या भीतीने घरातला बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत नेणारी माणसे आपण पाहिली आहेत. जयंतीच्या दिवशी मुलांना वस्तीत न पाठविणारीही पाहिली आहेत. अशा माणसाने घर घेतले असेल, पण तो राहतो अजून वेशीबाहेरच. वेस फक्त त्याच्या मनात सरकली आहे. त्याला दोष देणे सोपे आहे. परंतु एकटा माणूस आळीत गेला की तो बिचकतोच, हेही खरे. एका घराऐवजी चार घरे गेली तर बिचकण्याचे कारण कमी होते. म्हणून घराची खरेदी ही खासगी बाब मानून भागणार नाही. आपल्या तालुक्यात कोणते घर विकायला निघाले आहे, कोणाला नकार मिळाला, कोणत्या तारखेला, कोणत्या शब्दांत, साक्षीला कोण होते, याची वही आपल्या मंडळांनी ठेवावी. एकाला मिळालेला नकार हा योगायोग म्हणून झटकता येतो. एकाच गावातले वीस नकार तारखेवार लिहिलेले असले तर ते न्यायालयातही मांडता येतात आणि नगरपरिषदेच्या सभेतही.

या कामाला मोठा निधी लागत नाही. मिळकत पत्रिका वाचता येणारा एक शिक्षक, शोध घेऊ शकणारा एक तरुण वकील, घराचे हाड ओळखणारा एक गवंडी आणि वही ठेवणारी एखादी विद्यार्थिनी, एवढी माणसे प्रत्येक तालुक्याच्या गावी आपल्याकडे आहेत. रविवारी दोन तास बसून ती वस्तीतल्या लोकांचे कागद पाहू शकतात. कोणाचे घर कोणाच्या नावावर आहे, कोणाची वतनाची जमीन कोणी बळकावली आहे, कोण घर घेऊ पाहतो आहे. आम्ही आमच्या गावी गेल्या पावसाळ्यापासून हे सुरू केले आहे. पहिल्या रविवारी सात माणसे आली. त्यांतल्या पाचजणांकडे स्वतःच्या घराचा, कराच्या पावतीखेरीज, कोणताही कागद नव्हता. कामाला तेथूनच सुरुवात झाली.